लाखेच्या तबकड्या आणि आण्णांची कॅसेट



काल कर्जत-३ ची लावणी आटोपली. पाऊस धरून आहे, शेतात करण्यासारखं आज काही नाही, म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. तेव्हा आजची नोंद भाताची नाही, जुन्या रेकॉर्डींची आहे. किडीची माहिती बघायला येणाऱ्यांनी रागावू नये. यातही एक कीड आहे.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती जुनी काळी तबकडी आठवते ना? ती प्लास्टिकची नाही, लाखेची. लाखेचा किडा पळस, बोर आणि आपल्या कोशिंबावर बसतो, फांदीतला रस ओढतो आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करतो. कोशिंबावरची लाख सगळ्यात उत्तम धरतात. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबायचे. जगाला लाख बहुतेक आपल्याच देशातून जायची. म्हणजे लुई आर्मस्ट्राँग नावाचा ट्रम्पेटवाला १९२५ साली शिकागोत स्वतःच्या बँडच्या रेकॉर्डी काढायला लागला, तेव्हा त्याच्या सुरांना बसायला जागा इकडच्या किड्याने करून दिली होती. मला हे कळलं तेव्हा मी कोशिंबाखाली जाऊन उगीच वर बघत उभा राहिलो होतो.

आता पोलादपूरच्या भातशेतकऱ्याचा जॅझशी काय संबंध, हे विचाराल. संबंध आमच्या आण्णांचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, पंधराव्या वर्षी मुंबईला गेले. आमच्याकडची माणसं तेव्हा गिरणीत, गोदीत नाहीतर हॉटेलात. आण्णा चर्चगेटजवळच्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लागले. पन्नास-साठच्या दशकात त्या बाजूच्या हॉटेलांतून रात्री बँड वाजायचा. वाजवणारे बहुतेक गोव्याचे, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले. वेटरने भटारखान्याचं दार ढकललं की बँड मोठ्याने ऐकू यायचा, दार मिटलं की नुसती भांड्यांची आदळआपट. आण्णांनी जॅझ ऐकला तो असा, दाराच्या फटीतून, तुकड्या-तुकड्याने.

ते सांगायचे, "गाणं एकच रे, पण काल वाजवलंन् तसं आज नाय वाजवायचा. उद्या तिसरंच."

जॅझ म्हणजे एवढंच आहे, मंडळी. आधी सगळे मिळून चाल वाजवतात. मग एकेक जण पुढे येऊन त्या चालीवर आपल्या मनचं वाजवतो, बाकीचे ठेका धरतात, आणि शेवटी सगळे परत मूळ चालीवर येतात. आपल्या भजनात बुवा अभंग फिरवतो, मध्येच पखवाजवाला आपला हात दाखवून घेतो आणि सगळे धृपदावर येतात, तसंच. शक्ती-तुऱ्याच्या बारीत समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर देणारा शाहीर ज्याने ऐकलाय, त्याला जॅझ समजावून सांगायला नको.

आणि तो आपल्याकडे कधीच येऊन गेलाय. गोव्यातल्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर व्हाझ मुंबईत 'चिक चॉकलेट' नावाने ट्रम्पेट वाजवायचे. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यांना सिनेमाच्या संगीतात घेतलं. १९५१ चा 'अलबेला' बघा, चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरसुद्धा दिसतो. त्यात नाचलेत ते गिरणी कामगाराचे पोर, आपले भगवानदादा. गणपतीत आमच्या वाडीतला म्हातारा अजून तीच पावलं टाकतो. जॅझ हा शब्द त्याने आयुष्यात ऐकलेला नाही.

आण्णांनी चोरबाजारातून चावीचा ग्रामोफोन आणि बारा तबकड्या आणल्या तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. दहावी झाल्यावर मी शेतीत राहिलो, पण नाद सुटला नाही. मुंबईला लग्नाकार्याला गेलो की एक चक्कर चोरबाजारात. महाडच्या भंगारवाल्याकडे तर वजनावर मिळाल्या. करता करता ६१ तबकड्या, वीसेक एलपी आणि ४० कॅसेटी झाल्या. त्यात जॅझच्या फक्त नऊ. बाकी नाट्यगीतं, भजनं, पोवाडे, सिनेमा. बायको म्हणायची, "लोकं ट्रॉली घेतात, तुम्ही तव्या घेता."

तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. हॉटेलात रात्रभर वाजलेल्यातली तीन मिनिटं. गोव्याच्या त्या वादकांनी वर्षानुवर्षं रोज रात्री जे वाजवलं, त्यातलं फार थोडं रेकॉर्डवर आलं. आण्णांनी ऐकलेलं कुठल्याच तबकडीवर नाही. तरी मी शोधत राहायचो.

ड्यूक एलिंग्टन नावाचा मोठा जॅझवाला १९६३ साली बँड घेऊन भारतात आला होता. दिल्लीत त्याच्या जोडीदाराने खोलीबाहेर एका साळुंकीची शीळ ऐकली. १९६६ साली त्यांनी 'फार ईस्ट स्वीट' रेकॉर्ड केलं, त्यात ती शीळ क्लॅरिनेटवर आहे. चिखलणीला टिलरच्या मागे साळुंक्या उतरतात तेव्हा मला ती आठवते. ती साळुंकी कधीच मेली असणार. शीळ मात्र उरली, कारण कोणीतरी ती धरून ठेवली.

आण्णांचा आवाज मीही धरून ठेवला होता. २००४ च्या गणपतीत टू-इन-वनमध्ये कोरी कॅसेट घालून त्यांना बोलतं केलं. अर्धा तास ते हॉटेलाचं बोलले आणि मध्येच दोन्ही हातांची मूठ तोंडाशी धरून ट्रम्पेटची चाल वाजवून दाखवली. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आईच्या जात्यावरच्या ओव्या. आण्णा २०१३ ला गेले.

२०२१ च्या मे महिन्यात घराची कौलं उतरवून पत्रे घालायचे होते. सामान भिजायला नको म्हणून ही ट्रंक महाडला बहिणीकडे नेऊन ठेवली. तळमजल्यावर. पत्र्याचं काम झालं, पण लावणीच्या गडबडीत ट्रंक आणायची राहिली. २२ जुलैला काय झालं ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. महाबळेश्वरला कोसळलेला पाऊस सावित्रीतून खाली आला आणि बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळियेवर दरड आली. त्या दुःखापुढे माझी ट्रंक ती काय, म्हणून आजपर्यंत हे कुठे लिहिलं नाही.

चिखलातून ट्रंक काढली तेव्हा कव्हरांचा लगदा झाला होता. पण तबकड्या वाचल्या. नऊ फुटल्या, ५२ आजही वाजतात. कोणाकडे अशा भिजल्या-मळल्या असतील तर सांगतो. गार पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, आणि खाचेच्या दिशेने गोल पुसायचं. मधला कागद भिजवायचा नाही. उन्हात ठेवली तर वाकते. स्पिरिट अजिबात लावायचं नाही, लाख त्यात विरघळते.

कॅसेटचं मात्र मी माझ्या हाताने वाटोळं केलं. नाचणी वाळत घालावी तशी उन्हात घातली आणि दुसऱ्या दिवशी टेपमध्ये टाकली. एक घरघर झाली, फीत आत गुंडाळली आणि तुटली. पुढे एका जाणकाराने सांगितलं, चिखल सुकू द्यायचा नसतो. स्वच्छ पाण्यात धुऊन, सावलीत सुकवून, फीत दुसऱ्या डबीत भरून मगच वाजवायची. मला ते ठाऊक नव्हतं. मला आठ दिवसांची घाई, नाही, आठ तासांचीही कळ निघाली नाही.

फुटलेल्या नऊपैकी सहा गाणी मला मोबाईलवर सापडली. त्यांच्या हजारो प्रती निघालेल्या. आण्णांची एकच होती. मी ४० वर्षं जमवत होतो ते असं, ज्याची जगात दुसरी प्रत आहे. जिची नाही, तिची नक्कल काढायला मला १७ वर्षांत एक दिवस मिळाला नाही. ती चाल मी अजून गुणगुणतो. पण ती आण्णांची आहे की माझीच होऊन बसलीय, हे आता सांगता येत नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात आईकडे बसलो. ऐंशीला आली आहे. ओवी म्हण म्हटलं तर म्हणाली, "जातं नाय तर ओवी कुठून येल?" मग पडवीमागचं जातं धुतलं, खुंटा ठोकला, मूठभर नाचणी टाकली. हात फिरला आणि तोंडातून ओवी आली. चौदा मिळाल्या. दोन अर्ध्यावर थांबल्या. जुन्या कॅसेटवर किती होत्या, ते कधी मोजलं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव बायकांजवळ बसून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्याला आपल्या घरातल्या तरी जमायला हरकत नाही.

आईच्या ओव्या माझ्या मोबाईलमध्ये, लेकीकडे पुण्याला आणि बहिणीकडे पेनड्राइव्हवर आहेत. बहीण आता दुसऱ्या मजल्यावर राहते.

तुमच्या घरात कोणी भलरी म्हणणारं, बारीत गायलेलं, बँडात वाजवलेलं असेल तर या पावसात त्यांच्याजवळ बसा. काय मिळालं ते खाली कळवा. मी रोपांत खोडकिडा बघून येतो, त्याची नोंद उद्या.