ब्लिट्झ आणि सब्र

अमेरिकन फुटबॉलशी माझी ओळख झाली ती एका सजद्यामुळे. २९ सप्टेंबर २०१४ च्या सामन्यात कॅन्सस सिटी चीफ्स संघाच्या हुसैन अब्दुल्ला या खेळाडूनं टॉम ब्रेडीनं फेकलेला चेंडू मध्येच झेलला, तो घेऊन थेट शेवटच्या रेषेपार धावला आणि तिथंच कपाळ जमिनीला टेकवलं. पंचांनी दंड ठोकला. दुसऱ्या दिवशी लीगनं जाहीर केलं, की हा दंड व्हायला नको होता. आमच्याकडे बातमी पोचली ती सजद्याची. मला मात्र खेळच समजून घ्यावासा वाटला. ब्रेडीसारखा कसलेला माणूस चेंडू नको त्याच्या हाती कसा देतो? त्याला तसं करायला भाग कसं पाडतात? त्या उत्तराच्या मागे लागलो आणि ब्लिट्झपाशी येऊन थांबलो.

खेळ थोडक्यात असा. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चढाई करणाऱ्या संघाचा म्होरक्या म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हाती येतो, त्याच्यापुढं पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे राहतात आणि बाकीचे चेंडू झेलण्यासाठी पुढं धावतात. बचाव करणारा संघ बहुधा चार गडी त्या भिंतीवर सोडतो आणि सात मागं राखणीला ठेवतो. चाराऐवजी पाच, सहा, कधी सात जण एकदम क्वार्टरबॅकवर तुटून पडले, की तो ब्लिट्झ. शब्द जर्मन आहे, त्याचा अर्थ वीज. पण पुढं गेलेला प्रत्येक गडी मागची एक जागा रिकामी करून जातो. स्लिपमध्ये पाच जण उभे करायचे आणि सीमारेषा मोकळी सोडायची, तसा हा हिशोब. झेल मिळाला तर वाहवा, नाही तर चौकार.

ही वीज पाडायची कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सेंट लुईस कार्डिनल्सचा लॅरी विल्सन सर्वांत मागच्या राखणीची जागा सोडून थेट क्वार्टरबॅकवर धावू लागला आणि समोरचे चक्रावले. पण खरी दहशत बसवली ती बडी रायन या प्रशिक्षकाच्या शिकागो बेअर्सनं. त्याच्या व्यूहरचनेचं नाव ‘फॉर्टी-सिक्स’. डग प्लँक या खेळाडूच्या पाठीवरचा तो आकडा. १९८५ च्या मोसमात बेअर्सनी साखळीतले सोळापैकी पंधरा सामने जिंकले आणि २६ जानेवारी १९८६ ला अंतिम सामना ४६-१० असा खिशात घातला. आजही ब्लिट्झचे चाहते त्या संघाचं नाव हळव्या आवाजात घेतात.

त्यांना एका रात्रीची आठवण मात्र नको असते. २ डिसेंबर १९८५ ला मायामीनं याच बेअर्सना ३८-२४ असं हरवलं. मायामीचा क्वार्टरबॅक होता डॅन मरिनो. चेंडू हातात आला की क्षणात सोडायचा, ही त्याची खासियत. अंगावर येणारे गडी पोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असे, आणि जिथून ते आले त्याच रिकाम्या जागेत पडे. ब्लिट्झवरचं औषध त्या रात्रीच सापडलं होतं, ते सर्वांच्या हाती यायला काही वर्षं गेली इतकंच.

नियमही बदलत गेले. १९७८ पासून झेल घ्यायला धावणाऱ्याला पाच यार्डांपुढं धक्का द्यायला बंदी आली आणि भिंतीतल्या गड्यांना हात लांबवून, तळवे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. २०१८ पासून क्वार्टरबॅकवर सगळं वजन टाकून पडणाऱ्याला कडक दंड होऊ लागला. याला कुणी नाजूकपणा म्हणेल, मी म्हणणार नाही. १८ नोव्हेंबर १९८५ ला वॉशिंग्टनच्या जो थाइसमनचा पाय लॉरेन्स टेलरच्या धडकेखाली मोडला आणि तो पुन्हा कधीच खेळला नाही. मदतीला धावा म्हणून घाबऱ्याघुबऱ्या खुणा करणारा पहिला माणूस टेलरच होता. न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या प्रकरणात तर लीगच्या चौकशीत आढळलं, की २००९ ते २०११ या काळात प्रतिस्पर्ध्याला मैदानाबाहेर काढल्याबद्दल बक्षिसी दिली जात होती. बचावाच्या प्रशिक्षकाला २०१२ मध्ये बेमुदत निलंबित केलं गेलं. आणि तो सजदा करणारा हुसैन अब्दुल्ला? डोक्याला पुन्हा पुन्हा बसलेल्या आघातांमुळे तो २०१६ मध्ये निवृत्त झाला. तुटून पडणं पाहायला शानदार असतं. त्याची किंमत कुणाच्या तरी हाडांनी नाही तर मेंदूनं चुकती होते.

मग आज ब्लिट्झ चालतो का? अंतिम सामना आपल्याकडे फेब्रुवारीतल्या सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो आणि फजरची नमाज त्याच्या अध्येमध्ये येते. गेल्या काही वर्षांतल्या त्या पहाटा मी या एकाच प्रश्नापायी जागवल्या.

पहिलं उत्तर ‘नाही’ असं मिळतं. अमेरिकेतली तारीख धरली तर ७ फेब्रुवारी २०२१ ला टँपा बेनं कॅन्सस सिटीला ३१-९ असं नमवलं. टँपाच्या बचावाचा प्रशिक्षक टॉड बोल्स हा ब्लिट्झचा नावाजलेला शौकीन. त्या दिवशी त्यानं शौक बाजूला ठेवला, बहुतेक वेळा चारच गडी पुढं सोडले आणि मागची दारं लावून घेतली. ९ फेब्रुवारी २०२५ ला फिलाडेल्फियाच्या विक फँजिओनं त्याच कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक माहोम्सवर एकदाही ब्लिट्झ केला नाही. तरी माहोम्स सहा वेळा चेंडूसह जमिनीवर लोळला आणि सामना ४०-२२ असा गेला. चार जण भिंत फोडू शकत असतील, तर पाचवा पाठवायचा कशाला?

पण दुसरं उत्तरही आहे, आणि ते मला रॉबर्ट सालेहच्या पराभवात सापडलं. सालेह मिशिगनमधल्या डिअरबॉर्नचा, लेबनीज घराण्यातला. ११ सप्टेंबर २००१ ला त्याचा भाऊ न्यूयॉर्कच्या त्या मनोऱ्यात होता. तो बचावला, आणि सालेहनं बँकेची नोकरी सोडून आवडीच्या खेळाची वाट धरली. २०२१ मध्ये न्यूयॉर्क जेट्सनं त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. लीगमधला तो पहिला मुस्लिम मुख्य प्रशिक्षक. २०२४ च्या ऑक्टोबरात जेट्सनी त्याला काढलंही. ब्लिट्झ कमी आणि चार गड्यांवर भरवसा जास्त, ही त्याची वृत्ती. २ फेब्रुवारी २०२० ला त्याच्या बचावाच्या जोरावर सॅन फ्रान्सिस्को २०-१० नं पुढं होतं. सात मिनिटं उरली होती, कॅन्सस सिटीला पंधरा यार्ड हवे होते. माहोम्स मागं, आणखी मागं सरकत गेला, त्याला हवा तेवढा वेळ मिळाला आणि त्यानं चव्वेचाळीस यार्डांची फेक साधली. सामना ३१-२० असा फिरला. दारं लावून बसणाऱ्याचंही घर लुटलं जातं, चोराला वेळ मिळाला तर.

त्या दिवशी पलीकडच्या बाकावर होता स्टीव्ह स्पॅग्न्युओलो. मोक्याच्या क्षणी कुणाला पुढं सोडायचं, हे त्याला नेमकं कळतं. ११ फेब्रुवारी २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध बरोबरी असताना, चौथ्या डावाच्या अखेरीस, त्यानं मागच्या राखणीतल्या ट्रेंट मॅकडफीला अचानक पुढं पाठवलं. मॅकडफीनं फेक हवेतच अडवली. सॅन फ्रान्सिस्कोला तीन गुणांवर समाधान मानावं लागलं आणि कॅन्सस सिटीनं जादा वेळेत २५-२२ अशी बाजी मारली. मिनेसोटाचा ब्रायन फ्लोरेस आणखी पुढं जातो. २०२३ मध्ये त्याच्या संघानं साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक ब्लिट्झ केले, जवळपास निम्म्या वेळा. पण त्याची खरी करामत वेगळी आहे. सहा-सात जणांना भिंतीजवळ उभं करायचं आणि त्यातले कोण येणार, कोण मागं फिरणार हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. डिक लबोनं ही युक्ती १९८० च्या दशकात रुजवली होती. १ फेब्रुवारी २००९ च्या अंतिम सामन्यात पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसननं धावून जायचा नुसता आव आणला, मागं सरकला, चेंडू झेलला आणि अख्खे शंभर यार्ड धावला. फ्लोरेसच्या बचावासह मिनेसोटानं २०२४ च्या मोसमात सतरापैकी चौदा सामने जिंकले. पण बाद फेरीतल्या पहिल्याच सामन्यात २७-९ असे हरून ते बाहेर पडले. हमी कशाचीच नसते.

माझा निष्कर्ष असा, की सवय म्हणून केलेला ब्लिट्झ संपला. ज्याची वेळ समोरच्याला ठाऊक आहे तो हल्ला राहत नाही, आमंत्रण ठरतं. पण ‘कधीही येऊ शकतो’ ही धास्ती म्हणून तो जिवंत आहे. न आलेला ब्लिट्झसुद्धा काम करून जातो, कारण क्वार्टरबॅकला तो प्रत्येक वेळी मोजावा लागतो.

हे सगळं इथं लिहायचं कारण आमच्या बैठका. कुणी डिवचलं की तरुण म्हणतात, आत्ताच्या आत्ता तुटून पडा. बुजुर्ग म्हणतात, सब्र करा. दोघंही आयुष्यभर एकच चाल खेळतात, म्हणून डिवचणाऱ्याला दोघांचंही उत्तर आधीच पाठ असतं. उठल्यासुटल्या धावून जाणाऱ्यांना तो मुद्दाम बोलावतो आणि मागं उघडं पडलेलं घर गाठतो. कधीच न उठणाऱ्यांसमोर तो निवांत आपला डाव मांडतो. सब्र म्हणजे जागेवर बसून राहणं नव्हे. आपण कधी उठायचं हे ठरवायचा हक्क समोरच्याच्या हाती न देणं, याला मी सब्र म्हणतो. हिंमत आणि सब्र या सवती नाहीत, सख्ख्या बहिणी आहेत. एकीला घराबाहेर काढून दुसरी सुखानं नांदत नाही.