तुझं म्हणणं काय?

पुण्यात नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी यूपीएससीच्या मुख्य परीक्षेची तयारी करत होतो. निबंधाचा पेपर 250 गुणांचा. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार-बाराशे शब्दांचे. माझं माध्यम मराठी, हातही भराभर चालायचा. त्यामुळे या पेपरची धास्ती कधी वाटलीच नव्हती.

एका रविवारी सरावाला 2016 च्या पेपरातला विषय घेतला : राज्याराज्यांमधले पाणीतंटे. राज्यघटनेचं कलम 262, 1956 चा पाणीतंटा कायदा, बच्छावत लवाद, त्याच्या 1973 च्या निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं कृष्णेचं 560 टीएमसी पाणी... आठवलं ते सगळं उतरवलं. बारा पानं भरली. अभ्यासिकेतल्या एका सीनियर दादांना ती वाचायला दिली. शेवटचं पान उलटून त्यांनी विचारलं, “सगळं बरोबर आहे. पण तुझं म्हणणं काय?”

मला एक वाक्य सांगता येईना.

“गाव कुठलं तुझं?”

“जत तालुक्यातलं.”

“पाणी कसं येतं?”

“उन्हाळ्यात टँकरनं.”

“मग त्या पाचशे साठ टीएमसीतलं तुमच्या गावाला किती?”

बारा पानांत माझं गाव कुठेच नव्हतं. सकाळी टँकरचा आवाज आला की आई दारातल्या पिंपात पाईप टाकायची आणि पिंप भरेपर्यंत तो हातानं दाबून धरायची, नाहीतर शेजारचं कुणी ओढायचं. पाणीतंटा म्हणजे काय, हे मी लवादाच्या आधी तिथे पाहिलं होतं.

पुढच्या रविवारी तोच विषय, दीड तासाचा गजर. पहिली वीस मिनिटं लिहायचंच नाही, असं ठरवलं. तो वेळ काढणं फार जड गेलं. शेजारच्या टेबलांवर पेनं सरसरत होती आणि माझ्यापुढे कच्च्या कागदावर एकच ओळ होती : लवादानं पाणी राज्यांना वाटलं, राज्यानं ते तालुक्यांना वाटलं का? त्याखाली मी माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा लिहिला. लवादापुढे पक्षकार म्हणून राज्यच उभं राहतं. राज्यानं भांडून हिस्सा मिळवलाच नाही, तर तालुक्यांत वाटणार काय? हे खोडता येईना. शेवटी ते मान्य करूनच पुढे लिहिलं : राज्यानं हिस्सा मागताना ज्या तहानेचा दाखला दिला, तिच्यापर्यंत पाणी पोचवायला ते बांधील आहे. एकदा हे सापडल्यावर कुठला आकडा ठेवायचा आणि कुठला गाळायचा, याचा विचार करावा लागला नाही. कलम 262 दोन ओळींत आटोपलं. कृष्णेचं पाणी उपसून जतकडे नेणाऱ्या म्हैसाळ योजनेला अख्खं पान दिलं.

निबंध आठ पानांत संपला. गजर व्हायला सहा मिनिटं होती.

दादांनी तो वाचला, पण गुण दिलेच नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, “उपसा योजनेचं वीजबिल कोण भरणार, ते आधी सांग.” चहा येऊन निवला, तरी आमचं चाललंच होतं.