चाकाची मागील बाजू

पुण्याच्या नाना पेठेत, वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांमध्ये, एका श्रावकाची जुनी पेढी आहे. आता मुलगाही गादीवर बसतो. चातुर्मासापूर्वी मुलाने अलॉय व्हीलचे बारा संच खरेदी केले. ‘मूळ कंपनीचाच, मागणीपेक्षा जास्त तयार झालेला माल’ असे विक्रेत्याने सांगितले होते. भाव जवळजवळ निम्मा. रंग, चकाकी, मधल्या टोपीवरील चिन्ह, सारे जसेच्या तसे.

शेठजींनी काही न बोलता एक चाक पालथे केले. अनुभवी रोखपाल नोटेची एकच खूण पाहून थांबत नाही. कागद, धागा, जलचिन्ह, सारे ताडून पाहतो. चाकाचेही तसेच आहे. दर्शनी बाजू नकलाकाराने गिऱ्हाइकासाठी सजवलेली असते. खरेखोटे मागे कळते. अस्सल चाकाच्या मागील बाजूस भाग क्रमांक, उत्पादकाचे चिन्ह, ओतकामाची तारीख आणि मापे स्पष्ट उमटलेली असतात. ‘७.५ जे × १७’ म्हणजे रुंदी साडेसात इंच, व्यास सतरा इंच. ‘ईटी ४५’ म्हणजे चाक हबला टेकते ती पातळी मध्यरेषेपासून ४५ मिलिमीटर बाहेर. मात्र साच्यात खोटी अक्षरेही कोरता येतात. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडील सूचीशी क्रमांक पडताळावा, चाक तोलावे, मधले भोक गाडीच्या हबवर नेमके बसते का ते पाहावे.

येथे क्रमांक दुसऱ्याच मापाच्या चाकाचा निघाला. अस्सल चाकाशेजारी तोलल्यावर सव्वा किलोचा फरक आला. भोक सैल होते. त्यात प्लॅस्टिकची कडी बसवून ते भरून काढले होते. आतील कडा खरबरीत होत्या.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हता. नामांकित कारखान्यात चाकाच्या नमुन्यांवर वळणाचा ताण, भारासह दीर्घकाळ फिरणे आणि आघात अशा चाचण्या होतात. ओतकामात पोकळी राहिली अथवा धातूवर उष्णतेची योग्य प्रक्रिया झाली नाही, तर भरधाव गाडीचे चाक एखाद्या खड्ड्यात तडकू शकते. त्या गाडीत कोणाचे तरी कुटुंब बसलेले असते.

विक्रेत्याने रक्कम परत देण्यास नकार दिला. शेजारच्या गल्लीतील एक दुकानदार सारा माल खरेदीच्या भावाने उचलायला तयार होता. मुलगा म्हणाला, “पप्पा, आपण त्यांना ‘ड्युप्लिकेट आहे’ असे स्पष्ट सांगूनच देऊ. मग आपला काय दोष?”

शेठजी म्हणाले, “तू त्यांना खरे सांगशील. ते गिऱ्हाइकाला काय सांगतील?”

१९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोटे चिन्ह असलेला माल विकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण शेठजींनी कायद्याचे नाव काढले नाही. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ तत्त्वार्थसूत्रात गणलेला आहे. अस्सलाच्या नावाने नक्कल खपवणे म्हणजे चोरीचाच एक प्रकार, हे त्यांनी मुलाला लहानपणी पाठशाळेच्या वाटेवर सांगितले होते. तेवढीच आठवण त्यांनी करून दिली.

अठ्ठेचाळीस चाके भंगारात गेली. ती तशीच पुन्हा बाजारात येऊ नयेत म्हणून शेठजी स्वतः उभे राहिले आणि प्रत्येक चाक समोर कापून घेतले. ॲल्युमिनियमचा भाव आला तेवढा आला; उरलेली रक्कम मुलाने स्वतःच्या हाताने नुकसानीच्या खाती लिहिली. त्या रात्री दोघे फारसे बोलले नाहीत.

दिवाळीच्या सुमारास एक गिऱ्हाईक दुसरीकडून घेतलेली चाके दाखवण्यास आले. शेठजी हिशेबात होते. मुलाने पुढे होऊन, दर्शनी बाजूकडे न पाहता, पहिले चाक पालथे केले आणि तोलकाटा मागवला.