किल्ली आणि गादी

ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर केर्न्स ते उलुरू हे अंतर हाताच्या चार बोटांत मावते. रस्त्याने मोजू गेल्यास ते जवळपास २,९०० किलोमीटर भरते. पूर्व किनाऱ्यावरील दमट वर्षावनापासून निघालेला हा मार्ग टाउन्सव्हिलपर्यंत दक्षिणेकडे उतरतो, तेथे पश्चिमेस वळतो, आणि मग हिरवा रंग हळूहळू मागे पडत जाऊन शेवटी तांबडी माती, पिवळे गवत आणि आकाश एवढेच उरते. सांगलीच्या हळद पेठेतील एका दाम्पत्याने जून-जुलैच्या कोरड्या हंगामात हा सारा प्रवास स्वतः गाडी चालवीत केला. पेठेत त्यांना सारे अण्णा आणि काकू म्हणूनच ओळखतात.

अण्णांचे वय त्रेसष्ट. त्यांपैकी अडतीस वर्षे पेढीच्या गादीवर गेलेली. या काळात सलग आठ दिवस पेठेबाहेर राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकानाची किल्ली मुलाच्या हाती दिली; घरच्यांनी पेढे वाटले. मात्र धनादेशावरील सही, उधारीची मर्यादा आणि मालाचा भाव या तीन गोष्टी अण्णांकडेच राहिल्या. ब्रिस्बेनला स्थायिक झालेल्या मुलीने आग्रहाने बोलावले आणि झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली एक गाडी भाड्याने घेऊन दिली, तेव्हा अण्णांनी पहिली चौकशी केली ती वाटेत फोन लागेल की नाही याची.

वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने गाडी हाती बसायला वेळ लागला नाही. दिनक्रमही लवकरच ठरून गेला. संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून गावाबाहेर अंधारात गाडी चालवू नये असे तेथे सर्वच सांगतात. काकूंना याचे मोठे समाधान वाटले. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा घरचा नियम परदेशातील रस्त्यानेच पाळून घेतला. दुपारी चारच्या सुमारास गाडी मुक्कामाला लावायची, काकूंनी कुकर चढवायचा आणि अण्णांनी सांगलीला फोन लावायचा. क्वीन्सलँडमध्ये चार वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. सौदे ऐन रंगात असतात. राजापुरी हळदीचा भाव, आवक, कोणाची बाकी आली, कोणाची राहिली, दिवाणजी वेळेवर आले का, असे विचारता विचारता भात निवून जाई.

केर्न्सच्या उत्तरेस डेंट्री नदी लागते. ती तराफ्यावरून ओलांडली की जगातील अतिप्राचीन वर्षावनांपैकी एक सुरू होते. १९८८ साली हा परिसर जागतिक वारशात समाविष्ट झाला. नदीकाठी मगरींपासून सावध राहण्याचे फलक जागोजागी दिसतात. त्या वनात एके सकाळी त्यांना कॅसोवरी दिसला. माणसाच्या उंचीचा, काळ्या पिसांचा, निळ्या मानेचा हा न उडणारा पक्षी धीमेपणाने रस्ता ओलांडत होता आणि मागे तीन पट्टेदार पिले होती. या जातीत अंडी उबवण्याचे आणि पिले वाढवण्याचे काम नर करतो, हे काकूंनी माहितीफलकावर वाचले होते. सुमारे नऊ महिने तो पिलांना सोबत घेऊन हिंडतो आणि मग त्यांना आपल्यापासून दूर करतो.

“नऊच महिने?” अण्णा म्हणाले.

“पुरत असतील,” काकू म्हणाल्या आणि गप्प राहिल्या.

टाउन्सव्हिलहून माउंट आयझा सुमारे ९०० किलोमीटर. वाटेत क्लॉनकरी लागते. १७ मे १९२८ रोजी याच गावातून जॉन फ्लिन यांच्या विमानवाहू वैद्यकीय सेवेचे पहिले उड्डाण झाले. शेकडो मैलांत डॉक्टर नाही, अशा वस्त्यांसाठी डॉक्टरच विमानाने न्यायचा ही ती कल्पना. ती आज ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ या नावाने देशभर चालते. तेथील संग्रहालयात अण्णा बराच वेळ रेंगाळले. फ्लिन १९५१ साली वारले आणि सेवा त्यांच्यामागेही वाढत राहिली, एवढे त्यांनी आपल्या खिशातील वहीत टिपून घेतले.

माउंट आयझाच्या मुक्कामी मुलाने फोनवर एक व्यवहार समोर ठेवला. तमिळनाडूतील एक नवा खरेदीदार सहाशे पोती मागत होता; भाव चांगला देत होता, परंतु पैसे पंचेचाळीस दिवसांनी. अण्णांनी नेहमीचे उत्तर दिले, “मी उद्या सांगतो. तोवर थांब.”

तो उद्या लवकर आला नाही. माउंट आयझा सोडल्यानंतर फोनवरील रेषा एकेक करून विझल्या. कॅमूवील हे क्वीन्सलँडमधील शेवटचे गाव मागे पडले, नॉर्दर्न टेरिटरीची हद्द लागली, घड्याळे अर्धा तास मागे घ्यावी लागली. पुढे पसरले होते ते बार्कलीचे गवताळ पठार. समोरून साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन येत. जवळून गेल्या की गाडी हेलकावे खाई. एरवी तासभर कोणी दिसत नसे, आणि जो कोणी दिसे तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार केल्यासारखे करी. दुपारी इंजिनाचा पट्टा तुटला. एका शेतकऱ्याने आपल्या ट्रकमागे बांधून गाडी पुढच्या रोडहाउसपर्यंत ओढून नेली. पेट्रोल, उपाहारगृह, चार खोल्या आणि तंबूंसाठी मोकळी जागा, एवढ्यावर ती वस्ती संपत होती. नवा पट्टा माउंट आयझाहून यायला दोन दिवस लागणार होते.

रोडहाउसच्या भिंतीवर सार्वजनिक फोन होता. अण्णांनी मालकिणीकडून सुटी नाणी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोनकडे निघाले तेव्हा काकूंनी त्यांना थांबवले.

“अहो, एक सांगायचे राहिले आहे. त्याने पुण्यात नोकरीसाठी अर्ज केला आहे. मला सांगितले, तुम्हाला सांगायचे धाडस झाले नाही.”

अण्णा खुर्चीवर बसले. “पेढी सोडून नोकरी? आपले काय चुकले?”

“तो बत्तीस वर्षांचा आहे. दोन मुलांचा बाप आहे. पेठेतला माणूस त्याला भाव विचारतो आणि तो म्हणतो, अण्णांना विचारून सांगतो. तुम्ही किल्ली दिलीत, गादी दिली नाहीत.”

“उधारी बुडाली तर?”

“तुमची कधी बुडाली नाही का?”

अण्णांना तीन नावे लगेच आठवली. पहिल्या बुडालेल्या उधारीच्या वेळी ते एकोणतीस वर्षांचे होते आणि वडील गादीवरून उठून आत निघून गेले होते. एक शब्द बोलले नव्हते. त्या न बोलण्याचा अण्णांना तेव्हा राग आला होता. आज त्या लाल धुळीत बसून त्यांना प्रथमच वाटले की, वडिलांना ते न बोलणे किती जड गेले असेल.

नाणी दिवसभर त्यांच्या खिशात वाजत राहिली. ते तीनदा फोनपाशी गेले आणि तीनदा परत आले. रात्री कडाक्याची थंडी पडली. दोघे शाली पांघरून बाहेर बसले. आकाशात इतक्या चांदण्या होत्या की ओळखीचे एकही नक्षत्र त्यांना सापडेना. काकूंनी कितीतरी वर्षांनी आपल्या माहेरच्या गोष्टी काढल्या, आणि अण्णांनी त्या भावाचा विषय मध्ये न आणता ऐकल्या.

टेनंट क्रीकला फोन पुन्हा जागा झाला. मुलाचे आठ निरोप एकदम आले. पहिल्या पाचांत विचारणा होती, सहाव्यात काळजी, सातव्यात निर्णय. त्याने सहाशेऐवजी तीनशे पोती दिली होती. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले तीस दिवसांत. आठव्या निरोपात एवढेच होते, “अण्णा, तुमची वाट पाहिली. खरेदीदार थांबत नव्हता.” अण्णांनी लांबलचक उत्तर लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. अखेर पाठवले ते असे: “व्यवहार समजला. जेवण वेळेवर घेत जा.”

टेनंट क्रीकपासून दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरवर कार्लू कार्लू येथील ग्रॅनाइटचे प्रचंड गोल दगड त्यांनी पाहिले, पुढे अॅलिस स्प्रिंग्ज गाठले, आणि तेथून साडेचारशे किलोमीटरवर उलुरू. सपाट वाळवंटातून ३४८ मीटर वर आलेला हा वालुकाश्म लोहाच्या गंजामुळे तांबडा दिसतो. सूर्य उतरू लागला की त्याचे रंग पाहता पाहता बदलतात. त्याच्याभोवतीच्या पायवाटेने दोघांनी पूर्ण फेरी मारली. दहा किलोमीटरच्या त्या वाटेला त्यांना जवळपास पाच तास लागले.

वाटेवर एका ठिकाणी खडकावर फिकट रेघ दिसते. पूर्वी पर्यटक तेथून वर चढत. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सरकारने उलुरूची मालकी तेथील मूळ रहिवासी अनंगू समाजाकडे परत सोपवली, आणि त्याच वेळी त्यांनी ही भूमी राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. हे स्थान आपल्याला पवित्र आहे, कृपया वर चढू नका, अशी त्यांची विनंती होती. तरीही लोक चढतच राहिले. चढण्यावर कायमची बंदी आली ती २६ ऑक्टोबर २०१९ रोजी.

उद्यानातील मार्गदर्शकाने हे सांगितले तेव्हा अण्णांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे कागद झाल्यावर चौतीस वर्षांनी त्यांचा शब्द चालू लागला.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. बोलल्या मात्र काही नाहीत.

सांगलीला परतल्यावर तिसऱ्याच दिवशी अण्णा मुलाला घेऊन बँकेत गेले आणि खात्यावर त्याच्या एकट्याच्या सहीची सोय करून आले. तमिळनाडूच्या खरेदीदाराचे उरलेले पैसे ठरल्या मुदतीत आले नाहीत. ते बारा दिवस उशिराने आले. त्या बारा दिवसांत अण्णा रोज दुकानात गेले, गादीपासून थोडे दूर, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले, वर्तमानपत्र वाचले आणि बाकीविषयी एकदाही विचारले नाही. दिवाणजींना हे इतके अपूर्व वाटले की, त्यांनी काकूंकडे अण्णांच्या प्रकृतीची चौकशी केली.

पुण्याच्या नोकरीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मुलाने अर्ज मागे घेतला की तिकडूनच नकार आला, हे अण्णांनी विचारले नाही. आता पेठेत कोणी भाव विचारला की मुलगा एकदा खिडकीकडे पाहतो. अण्णा वर्तमानपत्राचे पान उलटतात, आणि मुलगा भाव सांगतो.