मानेत काड्या, तरी मान ताठ

ह्या गिटारीचं कागदोपत्री नाव रेड स्पेशल, पण धनी, क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे, हिला लाडानं 'म्हातारी' म्हणतो, तेव्हा आपणही तसंच म्हणू. जन्म लंडनच्या पश्चिमेचा, फेल्टममधल्या एका साध्या घरातला. ऑगस्ट १९६३ मध्ये काम सुरू झालं, तेव्हा ब्रायन सोळा वर्षांचा होता. फेंडर किंवा गिब्सन गिटार घरी आणणं ऐपतीबाहेरचं होतं. मग बाप-लेकांनी ठरवलं की आपली आपण करू. जवळपास दोन वर्षं ती घरातल्या एका खोलीत हळूहळू आकार घेत होती.

माहेरचा विषय काढलात की म्हातारी खुलते. मान आहे महोगनीची. कुणा स्नेह्याच्या घरी शेकोटीवरची जुनी फळी टाकून द्यायला निघाली होती, तिच्यातून ती कोरलेली. फळीला किडीनं भोकं पाडली होती. ती काडेपेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. धडाच्या मधला ठोकळा जुन्या ओक लाकडाचा, बाजू ब्लॉकबोर्डच्या, वरून महोगनीचं पातळ व्हिनियर. मानेवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. कडेची पांढरी किनार फळ्यांच्या कडांना लावायच्या प्लास्टिकच्या पट्टीची. एवढं सगळं उसनं अंगावर घेऊन ती लाल चकाकीत अशी उभी राहते की शोरूममधल्या गिटारींनी बाजूला सरकावं.

तिची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. काड्या, बटणं, जुनी फळी, आणि वा रे जुगाड! म्हातारीवर हा अन्याय आहे. भंगारानं तिला फक्त अंग दिलं. स्वभाव आला तो कागदावरून, लाकडाला करवत लागण्याआधी.

कागद हा हॅरॉल्ड मे यांचा प्रांत. ब्रायनचे वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार, सरकारी विमानखात्यात ड्राफ्ट्समन. घरातला रेडिओ आणि टीव्हीसुद्धा त्यांनी स्वतः जुळवलेला. अशा माणसाच्या घरात 'बघू, जमेल तसं' चालत नाही. कुठली गिटार कुठे कमी पडते, तार कशानं उतरते, कुठला सूर हवा, हे आधी बोलून झालं आणि मग मापं पडली.

पहिलं माप तारेच्या मोकळ्या लांबीचं. फेंडरची साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीसच्या आसपास. म्हातारीची नेमकी चोवीस. लांबी कमी केली की त्याच सुराला ताण कमी लागतो आणि तार बोटानं खेचून सूर चढवणं सोपं जातं. हे एक माप ठरलं की बाकीची आपोआप ठरतात. गणित असं: उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागा, तेवढ्या अंतरावर मानेवरची पुढची पट्टी, म्हणजे फ्रेट. चोवीस इंचांवर पहिली पट्टी १.३४७ इंचांवर येते, बारावी बरोबर मध्यावर, आणि चोविसावी अठरा इंचांवर. त्या काळी बहुतेक गिटारींना एकवीस-बावीस पट्ट्या असत. हिला चोवीस हव्या होत्या, पूर्ण दोन सप्तकं. हट्टी बाई, पण हट्ट हिशेबातला.

तिची खरी घमेंड मात्र दांडीत आहे. दांडी दाबून सूर लहरवायचा आणि सोडली की तार होती त्या सुरावर परत आली पाहिजे. त्या काळच्या पुष्कळ गिटारींची तार परत येताना कुठेतरी अडे आणि बेसूर होई. बाप-लेकांनी विचारलं, अडते कुठे? घर्षणात. म्हणून जिथे जिथे घासण्याची जागा होती ती एकेक करून काढली. दांडीचा पत्रा कडक पोलादाच्या धारेवर तोलला, तराजूची दांडी जशी धारेवर तोलतात तसा. तारांच्या ओढीला उलट जोर द्यायला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा लावल्या; त्या १९२८ च्या पँथरच्या, असं सांगतात. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली हातानं घडवलेली छोटी फिरकी ठेवली, म्हणजे तार घासत नाही, फिरकीवरून सरकते. दुसऱ्या टोकाला, मानेच्या सुरुवातीला, शून्याची पट्टी बसवली आणि तार तिथून खुंटीपर्यंत जवळजवळ सरळ नेली. कुठे कोन नाही, कुठे अडकणं नाही. हातात धरायची दांडी सायकलच्या पिशवीच्या कडीची, तिच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं प्लास्टिकचं बोंड. लोक त्या बोंडाला बघून हसतात. मी त्या धारेपुढे हात जोडतो.

पोटही तिनं मुद्दाम पोकळ ठेवून घेतलं. ॲम्प्लिफायरचा आवाज पोकळीत शिरून तारांना पुन्हा हलवतो आणि सूर विझण्याऐवजी वाढत जातो. इतरांना ही कटकट वाटे. हिला तेच हवं होतं, आणि ते आराखड्यातच होतं. धडाच्या वरच्या बाजूला व्हायोलिनसारखं एक छिद्र कापायचंही ठरलं होतं. ते राहून गेलं. आता म्हणे गरज नाही, असा तिचा आव असतो.

आवाजाच्या बाबतीत तिनं एकदा चांगलंच छळलं. तारांचे सूर टिपणारे पिकअपही घरीच केले होते, चुंबकांभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळून. आवाज आला, पण तार बाजूला खेचली की मध्येच विचित्र कुरकूर. तार एका चुंबकीय ध्रुवावरून दुसऱ्यावर सरकताना ती होई. आणि तार खेचता यावी म्हणून तर सगळा खटाटोप! शेवटी बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणले आणि ते शिट्टी मारू नयेत म्हणून अॅराल्डाइट गोंदानं बंद केले. घरी होण्यासारखं नाही ते बाहेरून आणायचं, यात बाप-लेकांनी कमीपणा मानला नाही.

तिच्या लहरी सहा बटणांत आहेत. तीन पिकअप, प्रत्येकाला चालू-बंदचं एक आणि फेज उलटवायचं एक. पिकअप एकामागून एक जोडलेले, म्हणून दोन एकत्र लागले की आवाज जाड आणि भरदार. त्यांतला एक उलटा केला की तीच बाई नाकात बोलायला लागते, धारदार आणि चिडकी. दोन्ही आवाज तिचेच.

संगत निवडण्यात ती फार चोखंदळ. प्लास्टिकची नखी तिला मऊ लागते; ब्रायन तिला सहा पेन्सच्या जुन्या नाण्यानं वाजवतो आणि नाण्याची दातेरी कड तारेवर खरखरते. ॲम्प्लिफायर व्हॉक्सचा एसी ३०. शिवाय एक खास मैत्रीण: १९७२ मध्ये क्वीनच्याच जॉन डीकननं टाकून दिलेला सर्किट बोर्ड उचलून जुळवलेला छोटासा डीकी ॲम्प. जिथे तिथे टाकाऊच!

१९७० पासून क्वीनमध्ये तिच्या शेजारी जो उभा राहिला, त्याचा पियानोचा रियाज आपल्या पाचगणीतला. सेंट पीटर्स शाळेतला फारोख बलसारा, जगाचा फ्रेडी मर्क्युरी. तो मंचभर नाचे. ही एका जागी उभी राहून गाई.

हॅरॉल्ड यांना मात्र लेकानं डॉक्टरेट अर्धवट टाकून हिच्या मागे जाणं रुचलं नाही. बाप-लेकांत बराच काळ अबोला राहिला. ज्यांनी तिची पट्टी न् पट्टी मापली तेच रुसले. पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरल्या सभागृहात त्यांनी तिला ऐकलं आणि राग गेला. डॉक्टरेटही ब्रायननं २००७ मध्ये पुरी केली, सूर्यमालेतल्या धुळीवर.

तिच्या नकला पुष्कळ झाल्या, कारखान्यांनी केल्या, कारागिरांनी केल्या. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग फ्रायरनं तिची डागडुजी केली. ३ जून २००२ ला बकिंगहॅम पॅलेसच्या छतावर उभं राहून ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजवायची वेळ आली, तेव्हा गेली ती हीच.

पहिली इलेक्ट्रिक गिटार घरी करायचं कुणाच्या मनात असेल, तर ब्रायननं हिच्यावर लिहिलेलं २०१४ चं पुस्तक मिळवा. त्यात तिचे सुटे केलेले भाग फोटोंत दिसतात. मग चोवीस की साडेपंचवीस, एवढं आधी ठरवा, मोठ्या कागदावर खऱ्या मापात ब्रिज, पट्ट्या आणि खुंट्या काढा, आणि लाकूड आणायला त्यानंतरच बाहेर पडा.