आठाचा आकडा

जळगाव किंवा धुळे शहरातील एखाद्या हायस्कुलाच्या मागील गल्लीत, शाळा भरण्याच्या वेळी सहज डोकावून पाहावे. किराणा दुकानाच्या ओट्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत स्कूटरींची रांग लागलेली दिसते. फाटकातून त्या आत आणता येत नाहीत, म्हणून मुले त्या गल्लीत उभ्या करितात आणि किल्ली दप्तरात टाकून मोठ्या साळसूदपणे वर्गात येऊन बसतात. अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून हे वाहन चालवू नये, ही गोष्ट मुलांस ठाऊक आहे, पालकांस ठाऊक आहे आणि आम्हां शिक्षकांसही ठाऊक आहे. सर्वांस ठाऊक असून कोणीच बोलत नाही, अशा गोष्टींपैकी ही एक होय.

माझा पुतण्या अकरावीत शिकतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्याने कॉलनीतील मोकळ्या जागेत चुन्याने आठाचा मोठा आकडा काढला. (इंग्रजी आठाचा, आपल्या मराठी आठावरून गाडी नेली तर ती सरळ बाहेर जाईल!) त्या रेघेवरून त्याने पाय न टेकता तीन फेऱ्या पुऱ्या केल्या व मला विचारले, "काका, परवान्याच्या परीक्षेत हेच करून दाखवावे लागते ना? मग मला नापास कोण करील?" माझे वडील बंधू शेजारीच उभे होते. ते अभिमानाने म्हणाले, "खरे आहे त्याचे. तुझ्यापेक्षा सफाईने चालवतो."

ते म्हणत होते ते खरे होते, आणि म्हणूनच उत्तर देणे कठीण होते. कच्च्या परवान्यासाठी वाहतुकीच्या खुणा व नियम यांवर प्रश्न विचारतात. शंभरांत साठ उत्तरे बरोबर आली की झाले. जून २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्या देता येऊ लागली. पाठीशी उभे राहून उत्तर कोण सांगतो, हे परीक्षकाने कसे ओळखावे? पुढे तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा, आणि तीत तो आठाचा आकडा. एवढीच कसोटी धरली, तर माझा पुतण्या आजच उत्तीर्ण आहे.

परंतु वयाची अट आणि परीक्षा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने मोटार हाकणाऱ्यास सतरा वर्षांची अट घातली, पण परीक्षा मात्र काहीच नव्हती. ती सक्तीची झाली १९३५ साली. म्हणजे हात पाहण्याचे सुचण्यापूर्वी तीस वर्षे त्यांनी वय पाहिले. वयात असे काय पाहावयाचे असते?

थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. धोका डोळ्यांस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज निघून जातो. तोपर्यंत गाडी एखाद्या वर्गखोलीहून अधिक अंतर तोडून गेलेली असते, आणि ब्रेक तर पुढेच लागावयाचा असतो. शिवाय वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर थांबण्यास लागणारे अंतर जवळजवळ चौपट होते. चुन्याच्या आठावर गाडी माणसाच्या चालीने फिरते. तेथे हे काहीच उमगत नाही.

आणि आपले रस्ते कसे आहेत? धुळ्यास मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांस छेदतात. जळगावात महामार्गाच्या एका अंगास घर आणि दुसऱ्या अंगास शाळा, असे कित्येक मुलांचे आहे. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेली एक अवजड मालमोटार वाहनांस ठोकरून रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरली. किमान दहा माणसे प्राणांस मुकली. कडेला उभ्या असलेल्यांचा त्यात काडीमात्र दोष नव्हता. अशा रस्त्यावर आपले वाहन नीट हाकणे पुरत नाही; दुसऱ्याचे बिघडेल, दुसरा चुकेल, असे धरून हाकावे लागते. हातास सफाई सोळाव्या वर्षी येते. हा संशय इतक्या लवकर येत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षांच्या मुलास ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीची मुभा आहे. १९७२ साली निघालेली लुना त्या मापाची होती. आज मुलांच्या हाती दिसते ती ११० नाही तर १२५ ची. तेव्हा त्या सवलतीकडे बोट दाखविणाऱ्या पालकांनी आपल्या गाडीचे कागद एकदा वाचावेत.

पालकांविषयी कायदा २०१९ पासून कडक झाला आहे. अज्ञान मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक अथवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. आपणांस ठाऊक नव्हते, हे त्यानेच सिद्ध करावयाचे. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मरण पावले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप. त्यास प्रथम जामीन मिळाला तेव्हा अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. त्यावर देशभर संताप उसळला. निबंध तपासण्यात माझे आयुष्य गेले. त्या निबंधास किती गुण द्यावेत, हे मला अद्याप सुचलेले नाही.

हे सर्व मी बंधूंस सांगितले. ते रागावले नाहीत, म्हणाले, "कायदा ठीक आहे. पण पहाटे सहाचा क्लास महामार्गापलीकडे आहे, तेव्हा रिक्षा मिळत नाही, आणि मी त्या वेळी केळीच्या गाडीवर असतो. पोराने जावे कसे?" हा प्रश्न खोटा नव्हे. किल्ली देणारे सारेच बाप बेफिकीर नसतात. पुष्कळ नुसते अडलेले असतात. न्यूझीलंडात १९८७ पासून परवाना पायरीपायरीने देतात. मधल्या पायरीवर रात्री एकट्याने हाकणे व सोबती बसविणे यांस आळा असतो. आपल्याकडे अशी पायरी असती तर नव्या हातांस सवड मिळाली असती. पण सहाचा क्लास तिच्यानेही सुटला नसता.

तूर्त त्यास मी सोडतो. मागे बसल्या बसल्या पुढे काय होईल ते त्याने मोठ्याने सांगावयाचे, असे ठरले आहे. "ट्रॅक्टरला मागे दिवा नाही." "दूधवाला न बघता वळणार." "उभ्या बसच्या पुढून कोणीतरी येईल." पहिल्या दिवशी त्याने दोन धोके सांगितले, काल अकरा. अठरा पुरी होण्यास त्याला अजून चौदा महिने आहेत.