न कोरलेला उजेड

काळी शाई आणि पांढरा कागद, एवढेच अम्लरेखनाचे भांडवल असते. तरीही ॲक्सेल हेग या चित्रकाराने अम्लरेखनात उतरविलेली युरोपातील गॉथिक ख्रिस्तमंदिरे पाहताना मला रंगांची उणीव कधी जाणवली नाही. उंचच उंच खांब, त्यांवर टोकदार कमानी आणि वरच्या खिडक्यांतून फरशीवर उतरणारा तो शांत उजेड!

नवल असे, की हा उजेड चित्रकाराने काढलेलाच नसतो. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ लेप देऊन तो त्यावर सुईने रेषा ओढतो. मग पत्रा अम्लात ठेवतात. लेप जेथे खरवडला असेल, तेथेच अम्ल धातूला खाते. जितका अधिक वेळ, तितकी रेषा खोल आणि काळी. पुढे रेषांत शाई भरून, पत्रा पुसून, ओलसर कागदावर ठसा घेतात. चित्रकार कोरतो तो अंधार. उजेड म्हणजे त्याने राखलेली कोरी जागा. गॉथिक वास्तुकारही हेच करी. टोकदार कमानी छताचा भार खांबांवर उतरवीत. म्हणून त्याला भिंतींत मोठमोठ्या खिडक्या राखता येत.

याच हेगने १८७८ साली मुंबईतील एका नियोजित इमारतीचे जलरंगात चित्र काढले. वास्तुविशारद स्टीव्हन्स यांची ती कल्पना अद्याप दगडात उतरली नव्हती. तीच पुढे व्हिक्टोरिया टर्मिनस झाली. आज आपण तिला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो. २००४ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला.

"गुरुजी, ही शैली तर परक्या राज्यकर्त्यांनी आणली. मग तिला आपली कसे म्हणावे?" असे विद्यार्थी मला विचारीत. प्रश्न रास्त होता. मी म्हणे, "बाळांनो, तेथील दगड नीट पाहा." त्या दगडांत मोर आहेत, माकडे आहेत, पानेफुले आहेत. मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे हात त्या कोरीवकामाला लागले आहेत. कमानींवर त्यांची नावे नाहीत; पण आमच्या शेलारच्या यंत्रमागांवर विणलेल्या कापडावर तरी विणकराचे नाव कोठे असते? आज्ञा परक्यांची होती, तथापि कष्ट आणि कौशल्य येथलेही होते.

रोज लाखो माणसे त्या कमानींखालून घाईने जातात. तुम्ही कधी तेथे गेलात, तर क्षणभर थांबून मान वर करा. पाहणाऱ्याची नजर हीच त्या अनाम कारागिरांची बिदागी होय.